उकळलेले पाणी आणि अंगणातला उकिरडा

काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मौद्याजवळच्या एका खेड्यातून चार महिन्यांचे बाळ माझ्याकडे आणले. ताप नाही, खोकला नाही, पण ओठ आणि नखे निळसर. मला आधी जन्मजात हृदयविकाराची शंका आली. प्राणवायू लावला तरी रंग बदलेना. रक्त काढले तर ते चॉकलेटी, हवेत ठेवूनही लाल होईना. तेव्हा कॉलेजात वाचलेले आठवले आणि बाळाला ताबडतोब नागपूरला पाठवले. बाळ वाचले.

आईचे दूध पुरत नव्हते, म्हणून डब्याची भुकटी घरच्या विहिरीच्या पाण्यात कालवून देत होते. आजी म्हणाली, "पानी तं आमी उकळून उकळूनच देतो जी, डॉक्टरसाहेब." आजीचे काय चुकले? उकळायला आम्हीच सांगतो. काविळीचे, हगवणीचे जंतू त्याने मरतात. पण त्या विहिरीत नायट्रेट होते. ते उकळून जात नाही. पाणी आटते तसे उलट वाढते. ब्लिचिंग पावडरही त्याचे काही करू शकत नाही.

तान्ह्या बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शेतांवरच्या विहिरींमुळे बाळे अशी निळी पडतात, हे डॉ. कोम्ली यांनी १९४५ सालीच लिहून ठेवले. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका फारच कमी. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्या विहिरीचे पाणी तपासले तेव्हा ते तिच्या बरेच वर निघाले. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने ग्रासलेल्या जिल्ह्यांत वर्धा, अमरावती आणि यवतमाळ आहेत. वर्धा आपल्याला लागूनच आहे.

मी ते घर पाहून आलो. विहिरीपासून वीस फुटांवर गुरांचा कोठा, कोठ्याला लागून उकिरडा, आणि उतार सरळ विहिरीकडे. विहिरीत शेतातला युरिया उतरतो, संडासाचे खड्डेही पाझरतात, हे खरे. पण पावसात भिजणारा उकिरडा दारातच असतो आणि तो हलवणे आपल्या हातात असते. विहीर घाणीपासून निदान ५० फूट दूर आणि चढावर असावी, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवले जाते. गावात हा नियम पाळलेली विहीर मला क्वचितच दिसली.

यात नुकसान शेतकऱ्याचेही आहे. उन्हाने शेणखतातला नत्र उडतो, पावसाने वाहतो, आणि तोच नत्र आपण युरियाच्या पोत्यातून विकत आणतो! पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी यासाठीच नाडेप टाके काढले: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके. शेण थोडे, काडीकचरा भरपूर, वर मातीचा थर. तीन-चार महिन्यांत खत तयार. वरून झाकले की पावसाचे पाणी आत शिरत नाही. टाके बांधणे जमत नसेल तर खड्ड्याचा तळ चोपून पक्का करावा, भोवती बांध घालावा आणि वर ताडपत्री टाकावी.

हे सांगितल्यावर त्या घरच्या कर्त्याने विचारले, "जागा कुठं हाय जी?" प्रश्न रास्त होता. गावठाणात घराला घर लागलेले. ज्याच्याकडे शेत नाही, दोन म्हशी आहेत, त्याने शेण न्यावे कुठे? माझे स्पष्ट मत आहे की विहिरीत ब्लिचिंग टाकून ग्रामपंचायतीचे काम संपत नाही. विहिरींच्या उताराला, नाल्यापासून दूर, खतासाठी सामायिक जागा तिने आखून द्यावी. ग्रामसभेत हा विषय काढायला पैसे लागत नाहीत.

त्या घरी आता उकिरडा शेताच्या धुऱ्यावर गेला आहे, बंडीने आठवड्यातून एकदा शेण नेतात. विहिरीचे पाणी भांडी-धुण्याला आणि गुरांना, पिण्याला नळाचे. शेजारच्या घरचा उकिरडा मात्र अजून तिथेच आहे, आणि त्यांच्याकडे या दिवाळीत पाळणा हलणार आहे.