एका कमांडमध्ये शेकडो फाइल्समधले नाव बदलते. पण बिहारचे औरंगाबाद?

2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. समजा, तुमच्याकडे पत्त्यांच्या पाचशे टेक्स्ट फाइल्स आहेत. एकेक उघडून नाव बदलत बसायची गरज नाही. ‘सेड’ ही कमांड ते काम काही सेकंदांत उरकते. बेल लॅब्समधील ली मॅकमहोन यांनी 1973-74 मध्ये तयार केलेली ही कमांड लिनक्स आणि मॅकवर आजही आयती मिळते.

सेड फाइलमधली एकेक ओळ वाचते आणि जुना शब्द दिसला की तिथे नवा घालते. गोम इथेच आहे. तिला अक्षरे कळतात, अर्थ नाही. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे! सरसकट बदल केलात, तर तिथल्या माणसाचे पत्र थेट मराठवाड्यात येईल.

‘बिहार’ शब्द असलेली ओळ वगळ, असे सेडला सांगता येते. पण ‘बिहार’ पुढच्या ओळीत असेल, तर ही साधी युक्ती फसते.

म्हणून कमांड आधी ‘हायफन आय’ न लावता चालवा. बदललेला मजकूर फक्त स्क्रीनवर दिसतो, मूळ फाइल तशीच राहते. ‘हायफन आय’ लावले की बदल फाइलमध्येच होतो आणि ‘अनडू’ची सोय नसते. लोकांच्या नोंदींवर ते थेट चालवणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. त्याला जोडूनच ‘डॉट बॅक’ लिहा, जुनी प्रत शिल्लक राहील. मग ‘डिफ’ कमांडने दोन्ही प्रतींतला फरक काढा आणि बदललेल्या ओळी स्वतः वाचा.