आकडा वाचणे आणि आकडा घडविणे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधनाला स्थान दिले आणि अर्थशास्त्राच्या पदवी-विद्यार्थ्यापुढे सामाजिक संशोधनपद्धती हा विषय अधिक ठळकपणे आला. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु विषय अभ्यासक्रमात येणे आणि तो विद्यार्थ्याच्या अंगी बाणणे यांत मोठे अंतर असते. प्रश्नावलीचे गुणदोष पाठ करून परीक्षेत उतरविणारा, किंवा मित्रमंडळींकडून मोबाइलवर फॉर्म भरून घेऊन त्याला ‘ग्रामीण युवकांचे सर्वेक्षण’ असे नाव देणारा विद्यार्थी संशोधन शिकला, असे म्हणता येणार नाही. हा प्रश्न महाविद्यालयांचा आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे समाजवादी कार्यकर्त्याने मानू नये. दारिद्र्य, बेकारी आणि मजुरी यांविषयीचे राजकीय वाद आज मोजणीच्या पद्धतीवरूनही लढले जातात. आणि त्या वादात कष्टकऱ्यांची बाजू समर्थपणे मांडणारी माणसे याच वर्गांतून यावयाची आहेत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती आकडा तयार येतो. त्याची सरासरी काढावी, आलेख काढावा, हे त्याला शिकविले जाते. तो आकडा कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत विचारून मिळविला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. याचे परिणाम किती दूरवर जातात हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीने दाखवून दिले. त्या फेरीत अन्नावरील खर्च गेल्या सात दिवसांत किती आणि गेल्या तीस दिवसांत किती, असे दोन्ही प्रश्न एकाच तक्त्यात शेजारी शेजारी विचारले गेले. एका प्रश्नाचे उत्तर दिलेला माणूस दुसरे उत्तर त्याच्याशी जुळवून देण्याचा संभव असतो. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेले दारिद्र्याचे प्रमाण २६ टक्क्यांवर आल्याचे सरकारी आकडे सांगू लागले, तेव्हा यातील किती घट गरिबाच्या घरातील आणि किती कागदावरच्या रकान्यांतील, यावर अर्थतज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद चालला. पुढे २०१७-१८ च्या उपभोग-खर्च पाहणीचा अहवाल तर सामग्रीच्या दर्जाचे कारण देऊन २०१९ मध्ये रोखून धरण्यात आला. अशा वेळी ‘आकडे खोटे आहेत’ अशी नुसती घोषणा करून भागत नाही. कोणता दोष, कोठे आणि किती, हे दाखवावे लागते.

महाराष्ट्राला या कामाची परंपरा नाही असे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तेथील सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते, हे त्यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात मूळ व्याख्येलाच हात घातला. कुटुंबाचा उदरनिर्वाह किती जमिनीवर होईल, या उपभोगाच्या मापाने जमीन लहान की मोठी हे ठरत नाही. श्रम, भांडवल आदी उत्पादनसाधनांशी तिचे प्रमाण काय, यावर ते ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. मोजण्यापूर्वी काय मोजावयाचे याचा विचार करावा, हा धडा विद्यार्थ्याला याहून उत्तम रीतीने कोठे मिळेल? १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पाहण्यांची शिस्त रुजविली. आणि १९७१ मध्ये वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्याच सामग्रीतून भारतातील दारिद्र्याचे चित्र देशापुढे ठेवले.

पद्धतीचे खरे शिक्षण वर्गाबाहेर सुरू होते. एखाद्या गावात ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारताच शेतकरी घरातील बाई ‘नाही, घरीच असते’ असे सांगते. आणि त्या वेळी तिच्या डोक्यावर जळणाची मोळी असते. राष्ट्रीय पाहणीच्या वर्गीकरणातही घरकाम सांभाळून सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणाऱ्या स्त्रियांसाठी ९३ हा स्वतंत्र संकेतांक आहे, पण त्यांची गणना श्रमशक्तीबाहेरच होते. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीने वेगळा प्रश्न विचारला, दिवसाचे तास कसे गेले ते नोंदविले, तेव्हा घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, हे दिसून आले. बाई तीच, श्रम तेच. प्रश्न बदलला आणि अदृश्य असलेले काम दिसू लागले.

नमुन्याचेही तसेच आहे. जानेवारीत बीड जिल्ह्यातील एखाद्या गावी गेलेला विद्यार्थी कुलूप पाहून ‘घर बंद’ अशी नोंद करतो आणि शेजारचे दार ठोठावतो. ते बंद घर ऊसतोडणीला गेलेल्या मजुराचे असते. ज्याचे दारिद्र्य मोजावयाचे, तोच अशा रीतीने यादीतून गळतो आणि गावाची सरासरी सुधारते. जमीनमालक शेजारी बसला असता सालगडी आपली मजुरी काय सांगेल, किंवा रेशनकार्ड जाईल या धास्तीने एखादे कुटुंब आपले उत्पन्न किती सांगेल, हेही पुस्तकातून कळत नाही. ते उंबरठ्यावर बसून, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा जाऊन कळते.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, शोषण डोळ्यांना दिसत असता नमुने आणि तक्ते हवेत कशाला? हा आक्षेप प्रामाणिक असला तरी घातक आहे. सभेला आलेल्या पन्नास जणांची गाऱ्हाणी लिहून घेऊन ती ‘तालुक्याची परिस्थिती’ म्हणून निवेदनात घालण्याची सवय चळवळींनाही जडली आहे. सभेला न येणारे, येऊ न शकणारे, हेच पुष्कळदा सर्वांत पिचलेले असतात. असे निवेदन अधिकाऱ्याच्या एका प्रश्नाने कोसळते, आणि त्याबरोबर न्याय्य मागणीही कोसळते. तटस्थ मोजणी म्हणजे बांधिलकीचा त्याग नव्हे. आपल्याला गैरसोयीचे उत्तरही लिहून घेण्याचे ते धैर्य आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाने एक गाव किंवा शहरातील एक वस्ती निवडावी, पदवीची सर्व वर्षे विद्यार्थ्यांनी तेथेच पुनःपुन्हा जावे, आणि बंद घरांची यादी स्वतंत्र ठेवून ती माणसे परतल्यावर त्यांना भेटावे. प्रवासखर्च महाविद्यालयाने द्यावा. अन्यथा संशोधन हे खात्यापित्या घरच्या मुलांचे भूषण होऊन बसेल. निष्कर्ष ग्रामसभेत किंवा वस्तीच्या बैठकीत मराठीत वाचून दाखवावेत. ज्यांच्याविषयी ते आहेत त्यांना ‘हे चूक आहे’ असे म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे. आणि पक्षाच्या तालुका शाखांनी या विद्यार्थ्यांना वाट दाखवावी, पण उत्तरे सुचवू नयेत; उलट त्यांच्याकडून ही शिस्त शिकून घ्यावी. ज्या समाजाची फेररचना करावयाची, त्याची मोजदाद नीट करण्याचे कष्ट टाळून ती होणार नाही.