लेखकाचा मृत्यू आणि राईनपाडा

अंकीय माध्यमांनी वृत्तपत्राच्या संपादकाची मक्तेदारी मोडली, संहिता मुक्त झाली आणि वाचक हाच लेखक झाला, असे प्रतिपादन आज केले जाते. त्यासाठी रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये घोषित केलेल्या लेखकाच्या मृत्यूचा हवाला दिला जातो. वॉल्टर ऑंग यांची ‘दुय्यम मौखिकता’ही साक्षीला काढली जाते. खानदेशच्या अनुभवावर ही दोन्ही प्रमेये टिकत नाहीत.

१ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा (ता. साक्री) येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांची हत्या केली. व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवांनी हा संशय पोसला होता. त्या मजकुराला कर्ता नव्हता. मात्र परिणाम होता. बार्थ यांनी नाकारला तो अर्थावरील लेखकाचा अधिकार, मजकुराची जबाबदारी नव्हे. शिक्षा होऊ शकते म्हणूनच लेखनाला लेखक लाभला, हे मिशेल फुको यांचे १९६९ मधील निरीक्षण या संदर्भात सोयीस्करपणे विसरले जाते.

१८६७ च्या कायद्याने मुद्रित मजकुरावर मुद्रकाचे व मुद्रणस्थळाचे नाव छापण्याची सक्ती केली. पुढे वृत्तपत्रावर संपादकाचेही नाव आले. हेतू वसाहतिक नियंत्रणाचा होता. तथापि शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या त्याच प्रिंटलाइनने वाचकाला दाद मागण्याचे ठिकाण दिले. जळगावात १८८७ मध्ये ‘काव्यरत्नावली’ सुरू करणारे नारायण नरसिंह फडणीस यांची निवड पटो वा न पटो, ती कोणाची हे ठाऊक होते. मुद्रित पत्रकारितेचा संपादक निर्दोष होता, असा याचा अर्थ नव्हे. त्याची निवड पुष्कळदा जातीची व प्रमाणभाषेची निवड होती. अहिराणी ही बातमीची भाषा क्वचितच झाली. परंतु या निवडीविरुद्ध भांडता येत होते, कारण समोर नाव होते.

मौखिकतेचा दावा तर अधिकच पोकळ आहे. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूप होण्यापूर्वी गायिली गेली, तेव्हा गाणारी ऐकणाऱ्यांपुढे होती. मौखिक परंपरेत शब्दाला आवाज असतो, आवाजाला माणूस असतो. राईनपाड्यात मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. डवर वाजवीत, दारोदार फिरत भिक्षा मागणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. मौखिक संस्कृतीच्या वाहकांचाच ज्या मजकुराने बळी घेतला, त्याला मौखिकतेचे पुनरुज्जीवन म्हणणे हा सिद्धान्तव्यवहारातील निष्ठुरपणा होय.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली. हा मजकूर पाठवणाऱ्याचा नाही, एवढेच ती खूण सांगते. कोणाचा आहे, हे सांगत नाही. प्रिंटलाइन जबाबदारी स्वीकारत असे. ही खूण ती झटकते. अंकीय पत्रकारितेची चिकित्सा करू पाहणाऱ्या समीक्षेने वाचकाच्या मुक्तीचे गोडवे गाण्यापूर्वी या दोन चिन्हांमधील फरक वाचायला हवा. ज्या मजकुराविरुद्ध कोठेच दाद मागता येत नाही, त्याने संपादकाची सत्ता संपवलेली नाही; ती फक्त निनावी केली आहे.