वारसाहक्काने शेतकरी

इंदूर-देवास-उज्जैनच्या परिसरात वडिलोपार्जित जमिनीची वाटणी होते तेव्हा एक भाऊ पुण्यास वा परदेशी स्थायिक झालेला असतो, आणि खसऱ्यावर नाव चढते ते दवाखान्यात गुंतलेल्या दुसऱ्या भावाचे. माझ्या वाट्याची दहा बिघे काळी जमीन अशीच आली. असे अपघाती शेतकरी आपल्या व्यवसायबंधूंत पुष्कळ आहेत. बहुतेक जण जमीन विकतात, किंवा बटाईदाराच्या स्वाधीन करून वर्षाचे गहू घरी येण्याची वाट पाहतात. माझ्या मते त्यांनी स्वतः शेती शिकावी. मात्र आपल्या पेशाची एक सवय शेतात न्यावी आणि दुसरी दवाखान्यातच ठेवावी.

न्यावयाची सवय तपासणीची व नोंदीची. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ. पोते आपटले तरी उगवणशक्ती घटते. पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. आठवड्याभरात 70 हून कमी उगवले, तर घरच्या घरी निदान झाले! पहिल्या सरीला भुलून पेरू नये. सुमारे 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा. कोणताही नवा उपाय चार ओळींवर करावा, शेजारच्या चार तशाच राखाव्यात. अडचण एवढीच की येथे एका प्रयोगाला एक हंगाम लागतो. वीस वर्षांत खरिपाचे प्रयोग वीसच. म्हणून बटाईदाराची स्मृती हे आपले ग्रंथालय मानावे लागते.

यात कमीपणा नाही. सर अल्बर्ट हॉवर्ड हे तर शिक्षित वनस्पतिशास्त्रज्ञ. पण भारतीय शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच त्यांनी आपले प्राध्यापक मानले. 1924 ते 1931 या काळात याच इंदुरात त्यांनी शेण, काडीकचरा व मातीपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. तीवरील 1931 च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड होते, हे आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असते.

दवाखान्यात ठेवावयाची सवय म्हणजे रुग्ण आला की चिठ्ठी लिहिणे. पानाला भोक दिसताच फवारणी सांगणारा डॉक्टर-शेतकरी हा साध्या सर्दीला प्रतिजैविक देणाऱ्याचाच भाऊ. वास्तविक फुलोऱ्यापूर्वी सोयाबीनची चौथा हिस्सा पाने गेली तरी उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. शिवाय फवारणारा आपण नसतो. पाठीवर पंप घेतो तो मजूर. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आकुंचित बाहुल्या आणि तोंडातील फेस पाहून ॲट्रोपिन देणारे आपणच, आणि बांधावर उभे राहून विनाकारण फवारा म्हणणारेही आपणच, हे मला पटत नाही.

आमच्या शेतावर बटाईदार व मी ओळींमध्ये कापड अंथरतो, झाडे हलवतो आणि पडलेल्या अळ्या मोजतो. फवारणीचे त्यानंतर ठरते. गेल्या खरिपात ती एकदाच झाली, तीही हातमोजे व मुखपट्टी घालून, वाऱ्याकडे पाठ करून. मुखपट्टीने जीव घुसमटतो, अशी बटाईदाराची तक्रार अजून कायम आहे.