पाळण्याची नक्षी नको, फट पाहा

बारसे जवळ आले की अंबरनाथ-बदलापूरची मंडळी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात जातात आणि नक्षी पाहून पाळणा पसंत करतात. मी त्यांना मोजपट्टी न्यायला सांगतो. दोन गजांत ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. अंग सरकते, डोके अडकते. गादी घट्ट हवी. उशी, लोड नको. मोहरीची उशीसुद्धा नको, आजी रागावल्या तरी! बाळाला उताणेच निजवावे. अमेरिकेत १९९४ साली हा प्रचार सुरू झाला, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढे सुमारे निम्म्यावर आले. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. रात्री ती नकोच. एका खोलीत पाळणा मावत नसेल, तर आईच्या अंथरुणाशेजारी बाळाची वेगळी, घट्ट गादी घालावी.