गोळी वाढवण्याआधी चहाची वेळ बघा
थंडी वाढली, अंग जड झालं की थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आपल्याच मनाने ७५ची करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. हिवाळ्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीत मोजतात ते संप्रेरक, निरोगी माणसाचंही किंचित चढतं. शिवाय बदललेला डोस अंगात स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात; तोवर थंडी ओसरते आणि जादा गोळीने छातीत धडधड मात्र सुरू होऊ शकते. गडबड अनेकदा स्वयंपाकघरात असते: गोळीपाठोपाठ आल्याचा वाफाळता चहा, नाश्त्याबरोबर कॅल्शियम. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा तासाभराने, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. ‘पण थकवा खराच आहे ना?’ आहेच, म्हणून तर डॉक्टरांकडे जायचं. टीएसएचबरोबर हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. रक्त कमी असलं तरी थंडी जास्त वाजते.