पाणी सोडून जाणारे पक्षी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासला आहे. तेथे दूषित उदकाची लक्षणे सांगताना आचार्यांनी गंध, वर्ण, रस व स्पर्श यांच्या विकृतीबरोबरच जलचर पक्षी निघून जाणे हेही लक्षण नोंदविले आहे. परीक्षेपुरते पाठ केलेले हे लक्षण पाणवठ्यावर जाऊन पाहण्याचा परिपाठ मात्र आपल्यात उरलेला नाही.

ओडिशातील चिलिका सरोवर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. समुद्राला जोडलेल्या या सरोवरातील नलबन बेटावर हिवाळ्यात परदेशी बदके व रोहित पक्षी येतात. गाळाने समुद्रमुख आक्रसले, तेव्हा खारेपणा व मासळी घटली आणि गोड्या पाण्यातील तण फोफावले. १९९३ मध्ये रामसर कराराने हे सरोवर धोक्यातील पाणथळींच्या यादीत घातले. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदल्यावर खारेपणा परतला, मासळी वाढली आणि २००२ मध्ये सरोवर त्या यादीतून वगळले गेले. स्रोतोरोध दूर झाल्यावर शरीर सावरते, तसाच हा प्रकार होय.

येथील वनस्पतींकडूनही बोध घ्यावा. सुश्रुतोक्त तृणपंचमुळातील नळ चिलिकाच्या उत्तर भागात दाट पसरला आहे. उथळ होत जाणारे गोडे पाणी त्यास मानवते. खाऱ्या सरोवरात मात्र त्याचा विस्तार हे विकृतीचे चिन्ह ठरते. तात्पर्य, औषधी विपुल उगवते एवढ्यावरून तेथील पाणी निर्दोष मानता येत नाही.

औषधनिर्मात्यांसाठी हा प्रश्न व्यवहाराचा आहे. कमळ, वेखंड, नागरमोथा ही द्रव्ये ओलाव्यात वाढतात आणि पाणथळीतील वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेऊ शकतात. प्रयोगशाळेचा अहवाल आवश्यकच आहे. परंतु तो हाती आलेल्या नमुन्यापुरता बोलतो, द्रव्य ज्या पाण्यावर वाढले त्याविषयी मौन पाळतो. म्हणून खरेदीच्या नोंदवहीत द्रव्याचे नाव व वजन यांच्यासोबत पाणवठ्याचे नाव, संग्रहाचा ऋतू आणि काठावरील पक्षी व तण यांची स्थिती लिहिली जावी, असे आम्ही सुचवितो.

वैद्यबंधूंनीही वर्षातून दोनदा, शरद व शिशिर ऋतूंत, जवळच्या एकाच खाडीच्या वा तळ्याच्या काठी जाऊन अशीच नोंद ठेवावी. एका वर्षाच्या नोंदीवरून निदान होणार नाही; दहा वर्षांच्या नोंदी हाती असल्या, तर रुग्ण दवाखान्यात येण्यापूर्वीच पाण्याचा रोग आपणांस ओळखता येईल.